गरीब देशातल्या मित्राच्या कॅन्सर उपचारांसाठी पैसे उभे करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या एका मित्राला काही वर्षांपूर्वी लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर झाला. तो राहतो त्या देशात सरकारी रुग्णालयात खाट मिळते, पण औषध बाहेरून आणावं लागतं. आम्ही सहा जण चार देशांत विखुरलेले. पैसे जमवले, पाठवले, चुकाही भरपूर केल्या. तेव्हापासून कुणाकुणाचे फोन येतात, "तुम्ही केलं होतं ना, कसं केलंत?" प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मित्राचं नाव, देश आणि रुग्णालय मुद्दाम दिलेलं नाही. त्याची तशी इच्छा आहे.

आजाराचं नाव आजच कळलं. रात्रीच आवाहन टाकू का?

आठ-दहा दिवस थांबा. मन मानत नाही हे ठाऊक आहे; आम्हीही थांबलो नव्हतो. पहिल्याच रात्री आमच्यातल्या एकानं अंदाजानं आकडा ठोकून दिला. सविस्तर रिपोर्ट आल्यावर तो दुप्पट झाला, आणि सर्वांत आधी पैसे दिलेल्या एका काकांनी सरळ विचारलं, "अरे, परवा तर अर्धेच लागणार होते ना?" त्यांचा राग नव्हता, पण पुढच्या प्रत्येकाला तेच समजावत बसावं लागलं.

तीन कागद हाती येऊ द्या: बायॉप्सीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, डॉक्टरांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेली उपचारांची योजना आणि रुग्णालयाचं एस्टिमेट. तोवर डिपॉझिट अडलं असेल तर जवळच्या चार-पाच जणांनी पदरमोड करून भरावं. जाहीर आवाहन कागद आल्यावरच.

मित्राला विचारायलाच हवं का? त्याला संकोच वाटेल.

वाटणारच. तरी विचारा, आणि मोघम विचारू नका. नाव टाकायचं का? फोटो? आजाराचं नाव? कामाच्या ठिकाणी माहीत आहे का? घरमालकाला? कॅन्सर म्हटल्यावर कामावरून काढणारे आणि संसर्ग होईल म्हणून लांब बसणारे लोक सगळीकडे आहेत. आपण पैशांसाठी टाकलेला फोटो फिरत फिरत नेमका त्यांच्यापर्यंत पोचतो. आमचा मित्र म्हणाला, "फोटो चालेल, पण टोपी घातलेला. गावाचं नाव नको." तेवढंच पाळलं. मुलांचे फोटो त्यानं दिले असते तरी आम्ही लावले नसते.

एकूण किती लागतील हे कसं काढायचं?

दुसऱ्या कुणाच्या कॅन्सरचा आकडा उचलू नका. नाव एकच असलं तरी आजार शंभर आहेत, आणि एकाच अवयवाच्या दोन गाठींचे उपचारही वेगळे असू शकतात.

आमचंच उदाहरण घ्या. मित्राला बी-पेशींचा (या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) लिम्फोमा होता. त्यावरच्या नेहमीच्या उपचाराला डॉक्टर आर-चॉप म्हणतात: पाच औषधं, बहुधा दर २१ दिवसांनी एक सायकल, म्हणजे औषधांची एक फेरी, साधारण सहा सायकल. पाचांपैकी चार, म्हणजे सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टीन आणि प्रेडनिसोलोन, जुनी आहेत. त्यांची पेटंट केव्हाच संपली, त्यामुळे ती त्यामानानं स्वस्त पडतात. पाचवं रिटुक्सिमॅब. त्याला अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली, आणि बिलाचा मोठा घास तेच घेतं. आता त्याची बायोसिमिलर, म्हणजे इतर कंपन्यांनी बनवलेली समकक्ष औषधं मिळतात आणि ती बरीच स्वस्त असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये रिटुक्सिमॅब, ट्रॅस्टुझुमॅब आणि इमॅटिनिब ही तीन औषधं आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. म्हणजे ही आता श्रीमंतांची चैन मानली जात नाहीत. डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: "बायोसिमिलर चालेल का, आणि इथे मिळतं का?" आमचं एस्टिमेट मूळ ब्रँडच्या किमतीवर काढलेलं होतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट येते. रिटुक्सिमॅब लागू पडायचं तर गाठीच्या पेशींवर सीडी-२० नावाचं प्रथिन असावं लागतं, आणि ते इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री या तपासणीत कळतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-२ या प्रथिनाची तपासणी तशीच; साधारण १५ ते २० टक्के रुग्णांमध्येच ती पॉझिटिव्ह येते आणि ट्रॅस्टुझुमॅबचा उपयोग त्यांनाच होतो. गरीब देशांत ही सोय पुष्कळदा राजधानीतल्या एखाद्याच प्रयोगशाळेत असते. मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, त्याला ब्लॉक म्हणतात, कुरिअरनं तिकडे पाठवावा लागतो. त्या तपासणीचे पैसे सर्वांत आधी पाठवा. तिच्यावाचून महागडं औषध घेणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

मग किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी: डॉक्सोरुबिसिन हृदयावर ताण आणू शकतं म्हणून आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, रिटुक्सिमॅबनं दबलेली कावीळ उसळू शकते म्हणून हेपॅटायटिस बीची तपासणी, दर सायकलआधी रक्ताचे काउंट, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. एकेक रक्कम लहान असते, पण सहांनी गुणली की लहान राहत नाही.

एस्टिमेट मिळालं. तोच आमचा आकडा ना?

नाही. हा प्रश्न कुणी विचारला नाही तरी मी उत्तर देतो, कारण आमची सर्वांत मोठी चूक इथे झाली.

मित्राच्या गावाहून रुग्णालय बसनं सहा तास. सायकलच्या आदल्या दिवशी पोचायचं, सकाळी रक्त द्यायचं, रिपोर्ट आल्यावर दुपारी सलाईन लागणार. सोबत थोरली बहीण. दोघांचं भाडं, दोन रात्रींचा मुक्काम, जेवण, आणि तिचा तीन दिवसांचा रोज बुडालेला. पहिल्या दोन खेपांना त्यांनी कसंबसं भागवलं. तिसऱ्या सायकलचे पैसे आम्ही वेळेवर भरले, औषध रुग्णालयाच्या फार्मसीत येऊन पडलं, आणि पेशंट आलाच नाही. आम्हाला नऊ दिवसांनी कळलं. औषध फ्रिजमध्ये आणि मित्र घरी, कारण बसचे पैसे नव्हते आणि "एवढं सगळं केलंत, आता भाड्याला कुठे मागू" असं त्याला वाटलं.

डॉक्टरांसाठी हे नवीन नसतं. अर्ध्यावर सुटलेल्या उपचारांना त्यांच्याकडे वेगळं नावच आहे, आणि लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, तर बऱ्याच गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी, यामागच्या कारणांत जागतिक आरोग्य संघटना उशिरा आणि चुकीच्या निदानाबरोबर हेही कारण धरते. औषधाला पैसे द्यायला लोक तयार असतात. बसच्या तिकिटाला मागितले की हात आखडतात, "ते त्यांचं ते बघतील" म्हणतात. म्हणून बस, मुक्काम, जेवण आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज पहिल्या दिवसापासून आकड्यात धरा, आणि आवाहनात तसं स्पष्ट लिहा. आमचा हिशेब शेवटी जुळवला तेव्हा शंभरातले चाळीसएक एस्टिमेटमध्ये नसलेल्या गोष्टींवर गेलेले निघाले.

तिसऱ्या सायकलनंतर आम्ही नियम केला: तारखेच्या पाच दिवस आधी भाडं-मुक्कामाचे पैसे बहिणीच्या मोबाइल वॉलेटमध्ये जाणारच, तिनं मागायची वाट बघायची नाही.

अचानक खर्च कोणता येतो?

ताप. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा ३८ अंशांच्या वर ताप गेला तर ते दुखणं घरी अंगावर काढायचं नसतं; त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावं लागतं. रात्री दोन वाजता परदेशातून पैसे पोचत नाहीत. म्हणून एका भरतीचा खर्च आणि गाडीभाडं आधीच बहिणीकडे ठेवलं. ती त्यांना "तापाचे पैसे" म्हणायची. वहीत त्यांचं पान वेगळं, आणि सोबत एक थर्मामीटर. थर्मामीटर ही आमच्या सगळ्या खरेदीतली सर्वांत स्वस्त वस्तू होती. चौथ्या सायकलनंतर दोन्ही कामी आलं.

त्याला सरळ दुसऱ्या देशात हलवलं तर?

भावना समजते. पण व्हिसा, विमान, तिथलं राहणं आणि घरापासून सहा महिने लांब, या खर्चात त्याच्याच देशात दोनदा उपचार होतात. केमोच्या सायकल बहुतेक ठिकाणी नीट देता येतात.

खरी अडचण असते ती रेडिएशनची. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं २०२२ मध्ये गरीब देशांत रेडिएशनची सोय वाढवण्यासाठी 'रेज ऑफ होप' हा उपक्रम सुरू केला, तेव्हा आफ्रिकेतल्या वीसहून अधिक देशांत रेडिएशनचं एकही यंत्र नव्हतं. डॉक्टरांनी रेडिएशन लागेल म्हटलं आणि देशात सोय नसेल, तर शेजारच्या देशात जावंच लागेल. अशा वेळी पूर्ण कोर्सचे, म्हणजे पाच-सहा आठवड्यांच्या राहण्यासकटचे पैसे हातात असल्याशिवाय निघू देऊ नका. रेडिएशन मध्येच थांबलं की त्याची ताकद कमी होते.

आवाहन कुठे टाकायचं? क्राउडफंडिंगची साइट बरी का?

बरी, पण तीच सगळं करील असं धरू नका. २०१६ ते २०२० या काळात गोफंडमी या साइटवर अमेरिकेत वैद्यकीय मदतीसाठी झालेल्या आवाहनांचा अभ्यास झाला. त्यातल्या जेमतेम १२ टक्के आवाहनांनी आपलं लक्ष्य गाठलं होतं. अनोळखी लोक येऊन पैसे ओततात हा समज सोडा. आमचेही बरेचसे पैसे फोन करून आले: शाळेचे मित्र, जुने शेजारी, मित्राबरोबर कधीकाळी काम केलेले लोक. साइटचा खरा उपयोग असा की फोनवर "बघतो" म्हणणाऱ्याला लगेच लिंक देता येते.

एक तांत्रिक गोष्ट आधी बघा. अशा साइट ठरावीक देशांतल्या बँक खात्यांतच पैसे देतात, आणि मित्राचा देश त्या यादीत बहुधा नसतो. म्हणजे पैसे आधी तुमच्यापैकी कुणाच्या तरी खात्यात येणार. तो माणूस कोण, हे आवाहनात नावानिशी लिहा, आणि शक्य असेल तर पगाराचं खातं न वापरता वेगळं खातं उघडा. साइट कापून घेते ती रक्कमही लक्ष्यात मिळवा.

पैसे पाठवायचे कुणाला: रुग्णालयाला, मित्राला की घरच्यांना?

उपचारांचे रुग्णालयाला, भाडं-जेवणाचे घरच्यांना. मित्राच्या हातात एकदम मोठी रक्कम देऊ नका. त्याच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. गरीब घरात पैसे आल्याचं कळलं की देणेकरी, आजारी चुलते, छप्पर उडालेला शेजारी, सगळे दारात उभे राहतात, आणि आजारी माणसाला नाही म्हणता येत नाही. "पैसे रुग्णालयात जमा आहेत" हे उत्तर त्याच्या कामी येतं.

आता पाठवण्याबद्दल. जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार सीमेपार पैसे पाठवायला सरासरी सहा टक्क्यांहून अधिक खर्च येतो. संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेलं उद्दिष्ट आहे २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली. सर्वसाधारणपणे बँका सर्वांत महाग आणि ऑनलाइन सेवा स्वस्त. पण रुग्णालयाच्या खात्यात भरायचे तर पुष्कळदा बँकेशिवाय इलाज नसतो. बँकेच्या फॉर्मवर शुल्क कुणी सोसायचं याचा रकाना असतो. तिथे "सगळं शुल्क पाठवणाऱ्याचं" निवडा. नाहीतर मधल्या बँका वाटेत थोडं थोडं कापतात, रुग्णालयाला रक्कम कमी पोचते, आणि थोडक्यासाठी सायकल अडते.

रेफरन्सच्या रकान्यात पेशंटचा फाइल नंबर. आमच्याकडून एक आकडा चुकला. पैसे रुग्णालयाच्या खात्यात अकरा दिवस पडून होते आणि कॅश काउंटरवरचा माणूस बहिणीला रोज "आले नाहीत" सांगत होता. त्याचं चुकत नव्हतं, त्याच्या यादीत तो नंबरच नव्हता. शेवटी बँकेकडून स्विफ्टचा, म्हणजे बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेश-व्यवस्थेचा, एमटी १०३ नावाचा तेव्हाचा कागद काढला. पैसे कुठून निघाले, कुठे गेले, रेफरन्स काय होता, सगळं त्यावर होतं. बहिणीनं तो फोनवर दाखवला आणि पाच मिनिटांत काम झालं. तेव्हापासून प्रत्येक वेळी तो कागद मागून घेतला.

सगळे एकदम पाठवून मोकळं झालो तर?

नको. सायकलगणिक पाठवा. उपचार बदलू शकतो, रुग्णालय बदलू शकतं, आणि आगाऊ भरलेले परत मिळवणं फार कठीण. अपवाद एकच: त्या देशाचं चलन झपाट्यानं घसरत असेल आणि रुग्णालय औषधांचा भाव आजच बांधून द्यायला तयार असेल, तर दोन-तीन सायकलचे एकदम भरा आणि लेखी घ्या.

औषध आपणच इथून घेऊन पाठवलं तर स्वस्त नाही का पडणार?

कधी कधी पडतं. पण रिटुक्सिमॅब, ट्रॅस्टुझुमॅब यांसारखी औषधं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. गोठलीही नाही पाहिजेत आणि तापलीही नाही पाहिजेत. पार्सल कस्टममध्ये आठवडाभर उन्हात राहिलं तर औषध गेलं, आणि बाटलीकडे बघून ते कळत नाही. आयात परवाना नसेल तर जप्त होतं ते वेगळंच.

उलट्या बाजूचा धोकाही लपवण्यासारखा नाही. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतलं दहातलं एक औषध निकृष्ट किंवा बनावट असावं असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७ मधला अंदाज आहे. इथिओपिया, केनिया, मालावी आणि कॅमेरूनमध्ये कॅन्सरच्या औषधांचे नमुने तपासले गेले. २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि साधारण सहातला एक नमुना निकषांत बसत नव्हता. त्यामुळे "बाहेरच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळतंय" असा निरोप आला की आनंदून जाऊ नका. रुग्णालयाच्या फार्मसीतूनच घ्या. ते शक्य नसेल तर डॉक्टरांना नोंदणीकृत वितरकाचं नाव विचारा.

एकदा फार्मसीत साठा नव्हता आणि बहिणीला शहराच्या दुसऱ्या टोकाहून औषध आणावं लागलं. थर्मासमध्ये बर्फ, बर्फावर टॉवेलची घडी, तिच्यावर डबी, म्हणजे बाटली बर्फाला टेकणार नाही. हे तिला वॉर्डातल्या नर्सनं शिकवलं. बसमध्ये बसून तिनं आम्हाला डबीचा फोटो पाठवला: बॅच नंबर, एक्स्पायरी आणि न फुटलेलं सील. पुढे प्रत्येक औषधाचा असा फोटो येत राहिला.

फुकट औषध देणाऱ्या योजना असतात म्हणे?

असतात, आणि आवाहनाच्या आधी तपासाव्यात. काही रक्ताच्या कॅन्सरवरची इमॅटिनिबसारखी औषधं द मॅक्स फाउंडेशन ही संस्था कंपन्यांबरोबर मिळून अनेक गरीब देशांतल्या रुग्णांना मोफत पोचवते. लहान मुलांसाठी अमेरिकेतलं सेंट ज्यूड रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये औषधपुरवठ्याची मोठी योजना जाहीर केली; २०२५ पासून पहिल्या देशांत औषधं पोचू लागली. अशा ठिकाणी बहुतेक वेळा अर्ज रुग्णालयामार्फतच जातो. तेव्हा संस्थांना ईमेल करत बसण्यापेक्षा डॉक्टरांना विचारा की हे रुग्णालय अशा एखाद्या योजनेत आहे का.

एक क्लिनिक हमखास बरं करतं असं कुणीतरी सांगितलंय. तिथे पाठवू?

नाही. 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये कॅन्सरवरच्या होमिओपॅथीसाठी केलेल्या २२० आवाहनांचा अभ्यास आला होता. त्यांनी मिळून १४ लाख डॉलर जमवले होते, आणि ज्यांच्यासाठी जमवले त्यांतले किमान २८ टक्के लोक तोवर गेलेले होते. घाबरलेल्या घरात अशी नावं येतात, आणणारे बहुधा प्रेमापोटीच आणतात. वाद घालू नका. "डॉक्टरांची सही-शिक्क्याची योजना असेल त्यालाच पैसे जातील असं देणाऱ्यांना सांगितलंय," एवढं म्हणा. आम्हाला हे वाक्य तीनदा वापरावं लागलं.

लोक विचारतात, "खरं कशावरून?"

विचारू द्या; रागावू नका. खोटी आवाहनं असतातच. एस्टिमेट आणि पावत्या दाखवा, पण मित्राचा पत्ता, जन्मतारीख, फाइल नंबर काळ्या पट्टीखाली झाका. फाइल नंबर उघडा राहिला तर कुणीही रुग्णालयात फोन करून चौकशा करू शकतं. हिशेबाची एकच शीट ठेवा, देणाऱ्या प्रत्येकाला बघता येईल अशी: किती आले, किती गेले, कशाला गेले, किती शिल्लक. ती भरणारा आणि पैसे पाठवणारा वेगवेगळे असावेत. आमची शीट एक मैत्रीण भरायची आणि एका पैशाचा घोळ झाला तरी रात्री अकराला फोन करायची. तिचा वैताग यायचा. पण पावती मागणारे फोन आले की आम्ही निश्चिंत असायचो.

चौथ्या महिन्यात पैसे यायचे थांबले. आता?

हे होणारच. पहिल्या पंधरवड्यात ओघ, मग थेंब. "अजून गरज आहे, कृपया मदत करा" असा संदेश दहाव्यांदा कुणी वाचत नाही. त्याऐवजी बातमी द्या: "चौथी सायकल झाली, काउंट उशिरा वर आले म्हणून पाचवी एक आठवडा पुढे गेली. पाचवीला इतके हवेत, त्यातले इतके आहेत." बस. आम्हाला सर्वांत उपयोगी पडले ते दरमहा थोडे थोडे द्यायला तयार झालेले अठरा जण. कुणाचीच रक्कम मोठी नव्हती, पण पुढच्या महिन्यात किती येणार हे आधी कळायचं. पुन्हा करायची वेळ आली तर सुरुवातच अशा माणसांपासून करीन.

घरच्यांनी थोडे पैसे मुलीच्या शाळेच्या फीला वापरले. काय करायचं?

काही नाही. कमावता माणूस सहा महिने झोपून आहे. फी तुंबलीच असणार. आमच्याकडेही झालं, आणि बहिणीनं स्वतःहून, रडत रडत सांगितलं. त्यानंतर घरखर्चाची छोटी ठरावीक रक्कम शीटमध्येच घातली आणि देणाऱ्यांना कळवलं. दोघांनी नाराजी दाखवली, बाकीच्यांनी नाही.

दिलेल्या पैशांवर करसवलत मिळते का?

व्यक्तीला दिलेल्या मदतीवर बहुतेक देशांत मिळत नाही. नोंदणीकृत संस्थेमार्फत दिली तर मिळू शकते, पण तिचे नियम तिच्याच देशाचे. ज्याच्या खात्यात पैसे जमतात त्यानं मात्र सुरुवातीलाच कर सल्लागाराला विचारून ठेवावं.

बिल थकलं तर रुग्णालय अडवून ठेवतं का?

काही देशांत होतं. केनियाच्या उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये थकलेल्या बिलापायी बायकांना प्रसूतीनंतर डांबून ठेवणं बेकायदा ठरवलं, तरी अनेक देशांत ही पद्धत गेलेली नाही. भरतीच्या काळात दर दोन दिवसांनी चालू बिलाचा फोटो मागवा. शेवटच्या दिवशी एकदम आकडा कळू देऊ नका.

डॉक्टर म्हणाले, आता बरं होण्यासारखं नाही. आवाहन बंद करायचं?

खर्च बदलतो, संपत नाही. आता पैसे वेदनाशमनाला, घरी येणाऱ्या नर्सला, चांगल्या गादीला. तोंडानं घ्यायचं मॉर्फिन स्वस्त औषध आहे. युगांडात हॉस्पिस आफ्रिका ही संस्था १९९३ पासून ते साध्या द्रावणाच्या रूपात देते आहे. तरी ते मिळत नाही. जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या सुमारे २९८ टन मॉर्फिनसारख्या औषधांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन येतं, असं 'लॅन्सेट'च्या आयोगानं २०१७ मध्ये म्हटलं. तेव्हा पैसे पाठवण्याआधी डॉक्टरांना विचारा की मॉर्फिन कुठे मिळतं, कोण लिहून देतं, किती दिवसांचं एकदम मिळतं. त्याच्या वेदना सुरू होण्याआधीच हे विचारून ठेवा.

देणाऱ्यांनाही खरं सांगा. "उपचारांची दिशा बदलली आहे, आता त्याला त्रास होऊ नये यासाठी पैसे वापरतोय" एवढं पुरतं. कुणी परत मागितले तर, शिल्लक असतील तोवर, द्या.

पैसे उरले तर?

कुठे वापरायचे हे सुरुवातीच्या आवाहनातच लिहून ठेवा. आम्ही लिहिलं नव्हतं. सहावी सायकल झाली, सीटी स्कॅन स्वच्छ आला, आणि थोडी रक्कम शिल्लक राहिली. निम्मी पुढच्या दोन वर्षांच्या तपासण्यांसाठी ठेवली, कारण लिम्फोमा उलटला तर बहुधा याच काळात. उरलेल्यांचं काय करायचं हे देणाऱ्यांना विचारलं. उत्तरं यायला तीन आठवडे लागले, आणि तोवर मित्रानं स्वतःच सुचवलं: शेजारच्या खाटेवरचा मुलगा दर खेपेला आठ तासांवरून येतो. त्याच्या उरलेल्या चार सायकलचं बसभाडं आमच्या शीटमधली शेवटची नोंद आहे.